कोऱ्या पाटीवरचं वाचन

आमच्या मुलीच्या, अक्षयाच्या, चौथ्या वाढदिवसाला पुन्हा पुन्हा पुसता येणारी चित्रांची पाटी घ्यायची ठरली. निवड अर्थातच माझ्याकडे आली, कारण गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मी प्लॅस्टिकच्या वस्तू तपासायचंच काम करतो. बोळिंजच्या दुकानात मी तीन पाट्या काउंटरवर मांडल्या. पहिलीच्या कडा बोटाला लागत होत्या. दुसरीच्या बॅटरीचं झाकण नखानं उघडत होतं. तिसरी चुंबकाची. करड्या पडद्यावर पेन फिरवलं की काळी रेघ, खालची पट्टी सरकवली की साफ. पंधरा वेळा पुसून पाहिली. मागे काहीही राहिलं नाही.

"हीच द्या," मी म्हणालो. अक्षयानं ती आधीच छातीशी धरली होती.

अक्षया तोवर एकही शब्द बोलली नव्हती. तिला ऐकू उत्तम यायचं. डॉक्टर म्हणायचे, थांबा. हेमाली, माझी बायको, रोज तिच्यासमोर बसून एकेक शब्द म्हणायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची.

पाटी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अक्षयानं होडी काढली. पुसली. कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पानी."

हेमाली कणकेच्या हातांनी धावत आली. "विपुल! बोलली रे ती! पुन्हा म्हण, सोन्या, पुन्हा म्हण!"

"पानी."

आम्ही तिला उचलून घरभर नाचलो. नातेवाइकांना फोन केले. आमच्या घरात कुणी पाण्याला पानी म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्या दिवशी तसलं कोण बघतो?

आठवड्यात वीस शब्द झाले. प्रत्येक शब्द पाटी पुसल्यावरच यायचा. कोऱ्या पडद्यावर तिची नजर डावीकडून उजवीकडे जायची, खालच्या ओळीला यायची. मी तश्शीच दुसरी पाटी आणून दिली. दोन दिवस घरात चिडीचूप. जुनी परत दिली, पाच मिनिटांत नवा शब्द. कारखान्यात एखाद्या गोष्टीचं मूळ सापडलं की छाती धडधडते, तशी माझी धडधडत होती.

बुधवारी अर्नाळ्याच्या क्लेमेंटीनबाई मासळी घेऊन दारात आल्या. अक्षयानं पाटीवरून मान वर केली आणि त्यांना काहीतरी लांबलचक विचारलं. बाई हसल्या, त्यांनी भराभर उत्तर दिलं. मग त्यांचं हसू थांबलं.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"होरी, तुमची होडी, आली काय, इचारते. आमचंच बोलनं, पन लय जुनं. आता असं कोन बोलत नाय."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी मासळीची टोपली घाईनं उचलून डोक्यावर घेतली. "तेच तर ठावं नाय, दादा. तोंडातून आलं."

त्या काहीही न विकता जिना उतरून गेल्या.

मी हेमालीला म्हणालो, "पाटी थोडे दिवस वर ठेवू या."

"चार वर्षं वाट पाहिलीय मी," ती म्हणाली. "हात लावू नकोस."

खरं सांगायचं तर मलाही पुढचा शब्द हवा होता.

रविवारी सकाळी अक्षयानं पाटी पुसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळवली. "बाबा, तू वाच."

बाबा! हेमालीनं रडत-हसत मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. पडदा कोरा होता. "अगं, इथे काहीच नाही," असं म्हणून मी तिला मिठीत घेतलं. जेमतेम अर्धं मिनिट.

दुपारी आईला पाठवण्यासाठी मी व्हिडिओ उघडला. तो अकरा मिनिटांचा होता.

त्यात मी वाचतो आहे. न अडखळता. त्यातला एकही शब्द मला येत नाही.

प्रत्येक ओळीनंतर कॅमेऱ्यामागून हेमाली उत्तर देते आहे.

अक्षया गप्प आहे. तिचं बोट कोऱ्या पडद्यावरून माझ्या आवाजाबरोबर सरकतं आहे.

एका ठिकाणी ते थांबलं आणि ओळीच्या सुरुवातीला परत आलं. मी चुकलो होतो. मी ती ओळ पुन्हा वाचली, आणि बोट पुढे सरकलं.