आमच्या घरात कोणी नाही

वाळवंटाकाठच्या तोझर गावात, खजुरीच्या बागांलगतच्या वस्तीत, दवाखान्याची वही घेऊन मुल्दी भर दुपारी निघाला, कारण त्या वेळी माणसं हमखास घरी सापडतात. काम साधंच होतं. कॅन्सर किती जणांना झाला, किती जण त्यात गेले, हे दवाखान्याला ठाऊक होतं. पण तो होऊनही जगताहेत किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून काही गल्ल्या निवडायच्या, घरोघरी विचारायचं आणि त्यावरून साऱ्या प्रांताचा अंदाज बांधायचा.

"कबरी मोजता येतात रे," डॉक्टर सौसनबाई म्हणाल्या होत्या. "जगलेल्यांना लोक लपवतात."

तेव्हा मुल्दीने मान खाली घातली होती. निवडीत त्याच्या वडिलांचं जुनं घरही आलं होतं. तिथे त्याची थोरली बहीण गझाला एकटी राहायची. तिच्या छातीचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. आपल्या सासुरवाडीला त्याने सांगून ठेवलं होतं, बहीण फ्रान्सला असते. वहीत त्या घराच्या नोंदीपुढे त्याने स्वतःच्या हाताने 'कोणी नाही' लिहिलं होतं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हजची यात्रा करून आलेल्या हाज तिजानीने दार उघडून त्याला ओसरीवर बसवलं. आत गारवा होता, आणि ओल्या चुन्याचा वास. कोपऱ्यात एक जाड पडदा सोडलेला होता.

"तो रोग आमच्या खानदानात नाही, पोरा," हाज हळूच म्हणाला. "मुली उजवायच्यात मला. लिही, कोणी नाही."

पडद्यामागे कोणीतरी खोकलं. दबकं, तोंडावर पदर धरून खोकावं तसं.

"आत कोण आहे, हाज?"

"कोणी नाही म्हटलं ना!"

मुल्दीने लिहायला घेतलं, आणि पडद्यामागून अगदी कानाशी यावा तसा बाईचा आवाज आला, "भाऊ... मला धरलंस का मोजणीत?"

हाजचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने उठून पडदा सर्रकन ओढला. मागे नुसती भिंत होती.

"इथे खोली होती," तो पुटपुटला. "माझी बायको असायची. ती गेल्यावर... बुजवून टाकली."

"काय झालं होतं त्यांना?"

"ताप." हाजने नजर चुकवली. "कितीतरी वर्षं... ताप."

मुल्दीला तिथे थांबवेना. हाजकडे बघायची त्याला लाज वाटली, कारण तो चेहरा त्याचाच होता. वही मिटून तो तडक जुन्या घरी गेला. उंबऱ्याशीच त्याला हुंदका फुटला.

गझालाने दार उघडलं. केस पिकले होते, एका बाजूने शाल ओढलेली होती.

"ताई, या घरात कोणी नाही असं लिहिलं मी... सगळ्यांना तू इथे नाहीस म्हणालो."

"ठाऊक आहे मला. गाव काय मोठं आहे?" ती म्हणाली. "आता तरी मोजणार आहेस का?"

"मोजतो, ताई."

तिने त्याचे डोळे पुसले. मग तिने त्याच्या खांद्यावरून गल्लीत पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला.

"अगं बाई, आत या ना. अशा भिंतीला धरून काय उभ्या राहिलात?... मुल्दी, सरक जरा. उन्हात चालत आल्यात त्या तुझ्यामागून."

मुल्दीने वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती. ओल्या चुन्याचा वास मात्र त्याला घासून आत गेला.