दर्पणने लावलेला आवाज

मोबाइल खाली ठेवा, मग सांगतो. पांढरी साडी, उलटे पाय असलं काही ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. हे घडलंय आपल्या पुंडलिकला. सरावलीत टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तोच. उगाच फेकणारा माणूस नव्हे तो.

गेल्या वर्षी कोजागिरीनंतरचा चौथा दिवस, शुक्रवार. तिन्हीसांजेला पुंडलिक स्कूटरच्या मागे होम थिएटरचा रिसीव्हर बांधून समुद्राकाठच्या दांडी गावाला निघाला. रिसीव्हर म्हणजे तो मुख्य डबा, ज्याला सगळे स्पीकर जोडतात. रेडिओही त्यातच लागतो. डबा वत्सलाकाकीचा. आठवड्यापूर्वी वीज पडली तेव्हा जळाला होता.

खरं तर जळायला नको होता. आभाळ गडगडलं की दांडीतलं शेंबडं पोरही आधी प्लग काढतं. काकीने काढला नाही. तिचा एकुलता एक मुलगा दर्पण मासेमारीच्या बोटीवर जायचा. आईला घर सुनं वाटू नये म्हणून निघताना रेडिओ हळू आवाजात लावून ठेवायचा आणि बजावायचा, की मी आल्यावर मीच बंद करीन. वीज पडली त्याच्या चार वर्षं आधी, नारळी पौर्णिमेनंतर, बोट उलटली. बाकीचे पोहत आले. दर्पण आला नाही, त्याचा देहही मिळाला नाही. काकीने त्याचे दिवस घालू दिले नाहीत, फोटोला हार घालू दिला नाही. घरात मासळी शिजायची थांबली, दारात बोंबील वाळायचे थांबले. रेडिओ तेवढा चालू राहिला. लाइट जाऊन आली की आपोआप त्याच आवाजावर लागायचा.

पुंडलिकने डबा उघडला तेव्हा आतला बोर्ड कोळसा झाला होता. तो म्हणाला, काकी, यात राम राहिला नाही, नवा घ्या, स्वस्तात देतो.

"नवा नको," काकी म्हणाली. "माज्या पोराच्या हातचा आवाज हाय त्यात."

पुंडलिकच्याही घरात पोरं आहेत. त्याने दुसऱ्या जुन्या डब्यातला बोर्ड काढून हिच्या डब्यात बसवला आणि दुरुस्त झाला म्हणून सांगितलं. खोटंच बोलला, पण वाईट हेतूने नाही. आवाज किती असायचा, एवढं मात्र त्याने विचारून घेतलं होतं. काकीला आकडे वाचता येत नाहीत. चुलीपाशी बसलं की ऐकू यायचा, शेजारी जायचा नाय, असं ती म्हणाली. पुंडलिकने अंदाजाने वीसवर ठेवला.

पावणेआठला त्याने डबा जोडला. गाणं लागलं. काकी चुलीपाशी जाऊन बसली, डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ.

"यो तो आवाज नाय," ती म्हणाली. रागावली नाही. पदर तोंडाला लावला, एवढंच. पुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं…

आणि लाइट गेली.

मिट्ट काळोख. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर समुद्राची गाज. मग तीही ऐकू येईना…

ओल्या जाळ्याचा वास आला. दारातून. मग घरातून. मग अगदी शेजारून.

टिक.

डब्याचं बटण फिरल्याचा आवाज. पुंडलिकचा हात डब्यापासून लांब होता. काकी चुलीपाशी होती, तिचा श्वास तिकडून येत होता.

टिक…

टिक.

लाइट आली. डबा लागला. आकडा होता सतरा.

वीज नसताना बटण कितीही फिरवा, आकडा हलत नाही. पुंडलिकचा जन्म यात गेलाय.

"हां," काकी म्हणाली. "हाच."

गाणं चालू राहिलं. संपलं. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत डब्याचं बंद करायचं बटण आत गेलं. टक. डबा विझला. घरात दिवा चालू, पंखा चालू… फक्त डबा बंद.

पुंडलिक उठला, पुन्हा लावायला हात पुढे केला.

"राहू दे," काकी म्हणाली. "त्यानं बंद केलाय. माजा पोर आला."

आणि ती रडली. चार वर्षांत पहिल्यांदा. पुंडलिकही तिच्याशेजारी जमिनीवर बसून रडला. वासही तेवढ्यात गेला होता. दोन दिवसांनी तिने भावकीला बोलावलं, दर्पणचे दिवस घालायला सांगितले, फोटोला स्वतःच्या हाताने हार घातला.

त्या रात्री निघताना पुंडलिकने बटणाला बोट लावून पाहिलं. ओलं होतं. बोटाला माशाचं एक खवलं चिकटून आलं, पापलेटाच्या खवल्याएवढं, बारीक. ज्या घरात चार वर्षं मासळी आली नाही, त्या घरात.

स्क्रू ठेवायच्या डबीत ठेवलंय त्याने ते. जाऊन बघा हवं तर, दाखवतो तो. वर्ष झालं, उन्हाळा गेला मधे. अजून वाळलेलं नाही.