बिनझाकणाची किटली

ती किटली कुणी घेईल असं ग्वेनला वाटलंच नव्हतं. शेवाळी हिरवा रंग, तोटीच्या टोकाचा टवका उडालेला, आणि झाकणाचा तर पत्ताच नाही. दान आलेल्या वस्तू विकून रुग्णालयाला मदत करणाऱ्या त्या छोट्या दुकानात, पुस्तकांच्या आणि फुलदाण्यांच्या मधे, ती महिनाभर बसून होती.

"ही केवढ्याला?"

ग्वेनने मान वर केली. उत्तर इंग्लंडातल्या या केंडल गावात पाऊस नसेल तो दिवस विरळाच, तेव्हा समोरचा माणूस भिजलेला होता यात नवल नव्हतं. पण त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी होती आणि तिच्यातून थेंब वाट काढत होते... ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"बुडाला चिठ्ठी आहे बघा. पन्नास पेन्स."

"आणि झाकण?"

"झाकण असतं तर दोन पौंड म्हटलं असतं."

"म्हणजे दीड पौंडाचा फायदा झाला माझा! झाकणाऐवजी बशी ठेवीन वर."

"ओतताना बशी घसरते."

"एका हाताने धरीन."

"मग कप कोण धरणार?"

तो हसला. "तोच तर प्रश्न आहे—"

ग्वेनचे कान तापले. किटली कागदात गुंडाळायला दोन ताव पुरतात, तिने सहा वापरले.

"झाकण आलं तर माझ्यासाठी बाजूला ठेवाल?"

"नाही जमायचं. आलेली वस्तू आधी फळीवर मांडायची, मग ज्याचा हात आधी पडेल त्याची. मागे लपवून ठेवली तर आमच्या डोरीनबाई घरी बसवतात."

"मग मलाच दर आठवड्याला यावं लागेल."

"या की. कुणी अडवलंय?"

असं झालं ते. साल एक्क्याण्णव. तो फर्गस, डोंगरावरच्या मेंढपाळांच्या पडलेल्या दगडी भिंती चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून उभ्या करायचा. दर गुरुवारी तीनच्या ठोक्याला तो दुकानात यायचा. ग्वेन सोमवारी आणि गुरुवारी तिथे बिनपगारी काम करायची आणि बाकीचे दिवस बुटांच्या कारखान्यात कागद काळे करायची. आता सोमवार नुसताच सोमवार राहिला आणि गुरुवारी ती निळा स्वेटर घालू लागली.

"झाकण आलं का?" दारातूनच विचारायचा.

"नाही आलं."

"बरं झालं— म्हणजे, वाईट झालं."

मग दोघं मिळून फळ्या धुंडाळायची. कुठे अस्सल लोकरीचा कोट मिळे, कसर लागलेला. कुठे हजार तुकड्यांचं चित्रकोडं, नऊशे नव्याण्णव तुकड्यांचं. एकदा त्याला डाव्या हाताचे दोन हातमोजे सापडले. एक त्याने घातला, एक तिला दिला. "झाली जोडी," म्हणाला, आणि दोघंही भलतीकडे बघायला लागली.

डोरीनबाई साठीच्या, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्या मागच्या खोलीतून ओरडत, "ग्वेन, तुझ्या त्या भिंतवाल्याला चहा दे गं! भिजून आलाय बिचारा." ग्वेन मन लावून चहा करी. फर्गस कप दोन्ही हातांत धरून बसे, बोले, हसे... आणि जाताना कप जसाच्या तसा भरलेला. माझा चहा काही त्याला आवडत नाही, अशी ग्वेनने खूणगाठ बांधली. तिने पत्ती बदलून पाहिली, दूध कमी केलं, जास्त केलं. कप भरलेलाच.

पाचव्या आठवड्यात, एका म्हातारीच्या रिकाम्या झालेल्या घरातून खोकी आली. त्यातल्या एकाच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, शेवाळी हिरवं झाकण होतं. वर धरायला बोंडासारखी मूठ. किटलीही त्याच घरातून आली असणार.

खरं तर ग्वेनने उडी मारायला हवी होती. पण तिने ते पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. झाकण मिळालं की याचं काम संपलं. मग गुरुवारी तीन वाजता दार कोण उघडणार? 'झाकण नसलं तरी येत जा' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण आपण असं म्हणावं आणि त्याने "छे हो, मी तर किटलीसाठीच—" असं म्हटलं तर? त्यापेक्षा ती मेली असती.

तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा पोचे आलेला एक डबा नुकताच विकायला ठेवला होता, झाकणावर तिरळ्या कुत्र्याचं चित्र. तो डबा कुणी हातात घेणं शक्यच नव्हतं. तिने झाकण त्यात ठेवलं.

"झाकण आलं का?"

"नाही आलं," ग्वेन म्हणाली. पहिल्यांदा खोटं.

दुसऱ्यांदा ते सोपं गेलं, आणि पुढे पुढे अवघड होत गेलं. कारण आता नुसतं झाकण द्यायचं नव्हतं, इतके दिवस का दिलं नाही हेही सांगायचं होतं. रोज रात्री ती ठरवायची आणि गुरुवारी त्याच्या भुवयांवरची भुकटी बघून सगळं विसरायची. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही तिला कळलं नाही.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी तो फळ्यांकडे गेलाच नाही. कप तेवढा फिरवत बसला.

"पुढच्या गुरुवारी तू असशील ना?"

"मी कुठे जाणार आहे?"

"तसं नाही... एक सांगायचं होतं. आज नाही. जरा धीर गोळा करतो."

"मलाही सांगायचंय," ग्वेन म्हणाली. "पुढच्या गुरुवारी."

"ठरलं तर मग."

तो गेल्यावर ती एकटीच हसली. मनात सगळं जुळवलं. डबा त्याच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, उघड. बाकी झाकणच बोलेल.

सोमवारी ती दुकानात आली तर वरची फळी रिकामी.

"डोरीनबाई, तो कुत्र्याचा डबा?"

"पिवळ्या चिठ्ठ्यांचं सगळं शनिवारी खोक्यात भरलं. महिना उलटला की दुसऱ्या शाखेत पाठवायचं, नवीन आहेस का तू? इथे नाही खपलं ते तिकडे खपेल."

हा नियम ग्वेननेच कितीदा नव्या मुलींना शिकवला होता. पिवळी चिठ्ठी, महिना, खोकं. आणि स्वतःचा जीव तिने नेमका पिवळ्या चिठ्ठीच्या डब्यात ठेवला होता! तिने पेनरिथच्या शाखेला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे जागा नव्हती, खोकं न उघडताच केझिकला पाठवलं. केझिकचं दुकान माणसं नसल्यामुळे गुरुवार ते शनिवारच उघडायचं.

गुरुवारी सकाळी ती पहिल्या बसने निघाली. फर्गस काही तीनच्या आत येत नाही. एकच्या बसने परत निघालं तरी वेळेत पोचू. डोंगरावर धुकं होतं, आणि बस प्रत्येक वळणावर मेंढ्यांना वाट देत उभी राहत होती. केझिकच्या दुकानात खोकी अजून बांधलेलीच. तिने तिथल्या आजोबांच्या हातापाया पडून एकेक उघडायला लावलं. चौथ्या खोक्यात तो तिरळा कुत्रा तिच्याकडे बघत होता. झाकण शाबूत. तिने रीतसर पैसे देऊन तो डबा विकत घेतला आणि येताना सबंध वाट मांडीवर धरून बसली. आयुष्यात इतकी आनंदात ती कधी नव्हती.

तीनला दहा कमी असताना तिने दुकानाचं दार ढकललं. धाप लागलेली, केस ओले.

"आला नाही ना अजून?"

डोरीनबाईंनी हातातली इस्त्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा बघूनच ग्वेनला काहीतरी चुकल्याचं कळलं.

"येऊन गेला गं. अकरा वाजता आला. दीडच्या गाडीने जायचं होतं म्हणे. न्यूझीलंडला, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर, दोन वर्षांसाठी. एक वाजेपर्यंत त्या स्टुलावर बसला होता. दार वाजलं की मान वर करायचा."

"मग तुम्ही... तुम्ही सांगितलं नाहीत, मी कुठे गेले ते?"

"मला तरी कुठे सांगून गेलीस?"

खरंच होतं. लपवलेल्या झाकणासाठी चाललेय हे डोरीनबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार होती ती?

"पत्ता?"

"विचारला मी. म्हणाला, टोळी आज इथे, उद्या तिथे, अजून मलाच माहीत नाही." डोरीनबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "जाताना एक निरोप दिलाय. पण भलताच काहीतरी... मला काही अर्थ लागेना."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तिला सांगा, मी चहा पीत नाही. कधीच पीत नव्हतो."

ग्वेन स्टुलावर बसली. ते भरलेले कप तिच्या डोळ्यांसमोर आले. एकामागून एक, आठ गुरुवारांचे, साय धरून थंड झालेले. चहा न पिणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी चहाची किटली घेतली होती, कारण किटलीच्या मागे, गल्ल्यावर, ती बसली होती. झाकण त्याला नकोच होतं. आणि ती मात्र तेच झाकण लपवत बसली, तेच शोधत फिरली. तिचं आडनावही त्याने विचारलं नव्हतं, त्याचं तिला ठाऊक नव्हतं. एक वाक्य आपण बोललो नाही, एवढ्यासाठी हे सगळं गेलं, हे तिला लख्ख कळलं, आणि ते कळून आता काहीही होणार नव्हतं.

"किटली परत दिली का त्याने?" तिने विचारलं. "मी म्हटलं... किटलीची आणि झाकणाची गाठ तरी घालू. विकली जाईल."

"छे! पाठीवरच्या पिशवीत होती. स्वेटरमध्ये गुंडाळून घेतली होती लेकराला घेतात तशी. मी म्हटलं, एवढ्या लांब ही फुटकी किटली कशाला वागवतोस रे? तर नुसता हसला."

डोरीनबाईंनी चहा टाकला आणि एक कप तिच्या हातात दिला. ग्वेनने तो दोन्ही हातांत धरला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले तेव्हा तिने दाराकडे पाहिलं, सवयीनं. मग डब्यातून झाकण काढून त्या कपावर ठेवलं. ते फार मोठं होतं, घसरून पडायला लागलं, म्हणून तिला ते एका हाताने धरून ठेवावं लागलं.