काचेखालचा ठोका

किरण चालू.

दर गुरुवारी शालनताई चपला दाराशी काढून मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत येत आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत. काचेच्या बशीत एक ठिपका नाडीसारखा उडत असे. त्यांच्या मुलाचा, मुकुंदचा. शस्त्रक्रियेत त्याच्या हृदयाचा कणभर तुकडा काढून ठेवला होता. मुकुंद उठला नाही. तुकड्यातल्या पेशी मात्र वाढल्या.

"जेवला का आज?"

"साखरपाणी पाजलंय, मावशी," डॉ. रेवती म्हणाली.

"गोडघाशाच तो."

लेसरचा बारीक लाल किरण थांबून थांबून पेशींवर पडे आणि दर झोताला त्या आकसत. रेवती त्याला 'प्रकाशठेका' म्हणे. ठेका शिकलेल्या पेशींची ठिगळं पुढे कुणाकुणाच्या हृदयाला लावता येणार होती. शालनताईंना नियम एकच : मेजाला हात लावायचा नाही, किरण हलतो.

आज रेवतीने खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, किरणाने पेशी भाजताहेत. असंच चालू ठेवलं तर आठवडाभरात मरतील."

"आणि बंद केला तर?"

"जगतील. पण बहुतेक उडणार नाहीत. संमती तुमची, म्हणून विचारते."

म्हणजे उडताना बघायचं, नाहीतर जगू द्यायचं.

शालनताईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"दिवा असला की झोप नसायची त्याला. ऑपरेशनच्या आधी वॉर्डात डोक्यावरच दिवा होता. म्हणाला, आई, सिस्टरना सांग ना. मी म्हटलं, नियम असेल बाबा."

मग म्हणाल्या, "मालव."

किरण बंद.

सूक्ष्मदर्शकाच्या मंद उजेडात ठिपका दिसत होता. उडत नव्हता.

शालनताईंचा डोळा तिथेच. हात मात्र आपसूक मेजावर गेला आणि थोपटू लागला. कुशीवर वळलेल्या पोराला थोपटावं तसा, सावकाश. रेवतीने नियम सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

ठिपका हलला.

पुन्हा.

"रेवती."

रेवती सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर वाकली. "मेज हलतंय, मावशी. त्याचा धक्का असेल." मग हळूच, "किंवा... धक्क्यानेही पेशी ठेका धरतात कधी. हात काढा, म्हणजे कळेल."

"काढला की जागा होतो तो."

हात थोपटत राहिला.

झोपलेल्या लेकराच्या अंगावरून हात नेमका कधी काढायचा, हे आजवर कुणी कुणाला सांगितलंय?