लीलाआत्यांचा गडू

काशीला आम्ही देवदर्शनाला गेलो होतो, असं माझी बायको नीरजा सगळ्यांना सांगते. ती गेली असेल. मी गेलो होतो बाजाराला. नाशकात माझं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं तांब्यापितळेनं शिकवलं. टिचकी मारली की भांडं आपलं वय आणि आपली खोड सांगून टाकतं. माणसं इतकं खरं बोलत नाहीत.

रामघाटावर काशीनाथगुरुजींकडे उतरलो होतो. त्यांनीच सांगितलं, गंगेपलीकडे रामनगरच्या बाजूला जुन्या मालाचा मोठा बाजार भरतो. "नावेनंच जा, विष्णुशेठ. पुलावर फार जाम लागतो."

नीरजा म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही भंगारात शिरलात की जेवण विसरता."

खरंच विसरलो. असा बाजार मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. नजर पोचेल तिथवर पालं आणि अंथरलेल्या चादरी. शिवणयंत्रांची मुंडकी, बंद पडलेली मनगटी घड्याळं पोत्यानं, चिनी मातीच्या बरण्या. एकाकडे तर नुसत्या किल्ल्या, कुलूप एकही नाही. मी या पालातून त्या पालात, जत्रेत सुटलेल्या पोरासारखा. उन्हात तापलेल्या पितळेचा वास नाकात भरला होता, हात काळे झाले होते, आणि भूक कुठल्या कुठे पळाली होती.

आणि मग तो गडू दिसला. गंगेचा. तांब्याचा, कथलाचा डाख देऊन तोंड बंद केलेला. पूर्वी यात्रेकरू असे गडू घरी नेऊन देवघरात ठेवत. घरातलं माणूस शेवटच्या घटकेला आलं, की फोडून आतलं गंगेचं पाणी त्याच्या तोंडात घालत. न फोडलेला जुना गडू आता मिळत नाही. बंद असला तर शौकीन माणूस त्यासाठी वाटेल ते देतो. फोडला की त्याचं भंगार होतं. मी कानाशी धरून हलवला. आत पाणी होतं. मग तो खाली ठेवलाच नाही, सांगतो तुम्हाला.

विकणारा म्हातारा म्हणाला, "दुकान में सजाने को नहीं देंगे, बाबूजी. किसी के मुँह में जाना चाहिए."

बाजारातलं खोटं देव मोजत नाही, असं आमचे सासरे म्हणत. मुलीचं लग्न काढलंय म्हणून भाव पाडणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो. त्यातल्या निम्म्यांना मुलीच नसतात. मी चेहरा पाडला.

"हमारी बुआ हैं. आखिरी समय चल रहा है, काशी लाए हैं."

"नाम?"

"लीला." जिभेवर आलं ते.

"कहाँ हैं?"

"रामघाट पर." आता मला रंग चढला. नवरा केव्हाच वारला, मूलबाळ नाही, डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलंय, पाणी घेईन तर विष्णूच्याच हातून म्हणते... बोलता बोलता मलाच भरून आलं. आणि मला आत्या एकही नाही. वडील एकुलते एक होते.

म्हाताऱ्यानं मी म्हटलं त्या भावाला गडू दिला. "जल्दी जाइए," एवढंच म्हणाला.

होडीत गडू मांडीवर घेऊन मी शीळ घालत आलो. ऊन उतरत होतं. गुरुजींच्या दारात नीरजा उभी होती. डोळे लाल.

"कुठे होतात अहो... आत्या सारख्या विचारतायत."

"कोण आत्या?"

"थट्टा कसली करताय या वेळी?" तिनं मला हाताला धरून वर नेलं.

आमच्या खोलीत खाटेवर एक म्हातारी निजली होती. कापराचा वास, दमट गोधडीचा वास. उशाशी बसून गुरुजी रामनाम घेत होते. तिनं सावकाश मान वळवली. डाव्या डोळ्यात फूल होतं.

"विष्णू... आणलंस?"

मी गडू पाठीमागे लपवला. हो, आधी तेच केलं. धंद्याचा हात आहे.

"फोडा ना," नीरजा कुजबुजली. "जीव अडकलाय त्यांचा. नाशिकपासून इथवर माझ्या मांडीवर डोकं होतं हो त्यांचं..."

नाशिकपासून इथवर आम्ही दोघंच आलो होतो, शेंगा खात. पण नीरजा खोटं रडत नाही, इतकं मला कळतं.

म्हातारीचा श्वास अडकायचा, सुटायचा... पुन्हा अडकायचा. तो आवाज ऐकवेना. मी चाकूनं डाख उचकटला. पाणी गार होतं, आत्ताच भरल्यासारखं. पळीनं तिच्या ओठांत घातलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. मग हळूहळू पकड सैल झाली.

नीरजा घरचं माणूस गेल्यासारखी रडली. मला मात्र सुटल्यासारखं झालं. गडू गेला तर गेला, माझं खोटं तरी संपलं.

गुरुजींनी दर्भ घेतला. "विष्णुशेठ, संकल्प सांगायचाय. बाईमाणसाला नावगोत्र सासरचं लागतं. यांच्या यजमानांचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर आलं होतं, बाजारात 'लीला' आलं होतं तसंच. मी ओठ मिटले.

"सांगा ना," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "नावावाचून अडलंय."

नीरजा माझ्याकडे बघत होती. खाली जिन्याशी कोणीतरी चपला काढल्या, खाकरलं... आणि तिथंच वाट बघत उभं राहिलं.