बासच्या आडोशानं

ओढ्यापलीकडच्या कुरणात तीन घोड्या आणि अडीच आठवड्यांचं एक शिंगरू होतं. वादळ यायच्या आत त्यांना वर मळ्यावर आणायचं, एवढ्यासाठी शुक्रवारी सकाळी तिघं निघाले.

खरं तर बेत वेगळाच होता. लिंबुर्गच्या त्या दक्षिण टोकाला, जिथे सपाट नेदरलँड्स अचानक टेकड्यांचा होतो, तिथे त्रूसबाईंचा घोड्यांचा मळा आहे. पाहुण्यांनी चार दिवस राहावं, घोडे चालवावेत, शेवटच्या दिवशी जंगलातून माथ्यापर्यंत जाऊन यावं, असा तिथला शिरस्ता. पण न्याहारीच्या टेबलावर फोन बघून त्रूस म्हणाल्या, "माथा रद्द. पाऊस लवकर येतोय. मी खालून जनावरं आणायला चालले. ज्यांना नाही यायचं, त्यांनी इथे बसून केक खा."

सुनेत्रानं केकची बशी बाजूला सारली आणि बूट घालायला उठली.

सुनेत्रा एकोणपन्नास वर्षांची. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून नेदरलँड्समधल्या कापेल शहरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती. आधी घर, मग मुलगा, मग डच भाषेची परीक्षा आणि गेली सात वर्षं ती शहरातली बस चालवत होती. बारा मीटरची! या अठरा वर्षांत प्रत्येक सुट्टी पुण्याला. लग्नं, मुंजी, सासऱ्यांचं ऑपरेशन. या वर्षी नवऱ्याला रजा मिळेना, तेव्हा ती म्हणाली, "मग मी एकटी जाते." वसंतात तिनं गुपचूप घोडेस्वारीचे आठ धडे घेतले होते, हे तेव्हा उघड झालं.

एकटी म्हणून आली आणि पहिल्याच संध्याकाळी तबेल्याच्या दारातून आवाज आला, "मराठी का?" हा जयेश. मूळचा ठाण्याचा, आता इकडे झुइडओस्ट भागात आयटीत, एकोणतीस वर्षांचा आणि तोंड बंद न ठेवणारा. "तीनशे मीटरला डोंगर म्हणतात हो हे! आमच्याकडे एवढ्यावर तर नुसती पार्किंगची जागा असते!" तिनं त्याला एकच अट घातली होती, काकू म्हणायचं नाही. तेव्हापासून ती ताई झाली.

तिच्या वाट्याला आला होता मळ्यातला सर्वांत थोराड घोडा. नऊशे किलोंचा, ताटाएवढे खूर, पायांवर केसांचे झुबके. नाव बास.

"घोड्याचं नाव बास?" जयेश हसून लोटपोट झाला. "म्हणजे थांबवायला वेगळं काही शिकायलाच नको!"

बीच जातीच्या उंच झाडांखालून वाट उतरत होती. वर पानांचं छत इतकं दाट की आकाश भरून आलेलं कळतच नव्हतं. फक्त वारा पडला होता, पाखरं गप्प होती आणि ओल्या मातीचा, घोड्यांच्या घामाचा गरम वास खालच्या खालीच रेंगाळत होता. बासची रुंद पाठ संथपणे डुलत होती. सुनेत्राला इतकं छान वाटत होतं की कुणाला सांगावं तेच कळेना!

ओढा त्यांनी लाकडी साकवावरून ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. कुरणात पोचले, घोड्यांना दोऱ्या लावल्या आणि आभाळ फाटलं.

गारा! पत्र्यावर पडाव्यात तशा हेल्मेटवर ताडताड. वीस मिनिटांत कुरणाची खालची बाजू तळं झाली. ते ओढ्याशी परतले तर साकव नव्हताच. नुसते दोन खांब, आणि मधून तांबडं पाणी धावत होतं.

"जंगलातून वर?" जयेश ओरडला.

"विजा पडतायत, झाडांखाली नको!" त्रूसनी हात दाखवला. "तिथे उतार आहे. तळाला दगड आहेत, पाय घट्ट बसतात. पाणी अजून पोटाखाली आहे. आत्ता, नाहीतर नाहीच!"

त्या आधी शिरल्या, शिंगराच्या आईची दोरी धरून. उरलेल्या दोन घोड्या मागोमाग आणि त्यांच्या मागे जयेश. ते पलीकडे लागले. त्रूसचा घोडा चढ चढू लागला. चिखल. पाय घसरला. घोडा कलला आणि त्रूस खांद्यावर आदळल्या. त्या उठून बसल्या, पण उजवा हात लोंबत होता.

अलीकडे राहिली सुनेत्रा, बास आणि शिंगरू.

पाण्याला बघून ते मागेच सरकलं होतं. आता चारही पाय रोवून किंचाळत होतं. पलीकडून आई किंचाळत होती आणि परत पाण्यात उडी घ्यायला बघत होती. जयेश दोन्ही हातांनी तिच्या दोरीला लटकला होता.

"सोड त्याला!" त्रूस ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "पाणी वाढतंय! तू ये!"

सुनेत्रानं पाण्याकडे बघितलं. शिंगराकडे बघितलं. गेल्या हिवाळ्यात तिच्या बससमोर एक सायकलवाला घसरून पडला होता, तेव्हा मागच्या गाड्या त्याच्यावर येऊ नयेत म्हणून तिनं बस रस्त्यात आडवी लावली होती. बस आडवी लावायची!

ती खाली उतरली. शिंगराच्या गळपट्ट्याला दोरी बांधली. कुंपणाच्या खांबावर पाय देऊन परत वर चढली.

"चल, राजा. हळू. अगदी हळू."

बास पाण्यात शिरला. ती त्याला प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरत होती, म्हणजे पाणी आधी त्याच्यावर आदळेल आणि त्याच्या आडोशाला थोडं निवेल. त्या निवाऱ्यात शिंगरू आलं. आधी एक पाय, मग दुसरा. मग त्याला आईची हाक ऐकू आली आणि ते बासच्या पोटाला चिकटून चालायला लागलं!

पाच पावलं. दहा. पाणी रिकिबीपर्यंत आलं. मग तिला तो ओंडका दिसला.

तो वळणावरून आला, फांद्यांसकट. वळवायला वेळ नव्हता. मागे फिरायला जागा नव्हती.

"उभा राहा! उभा राहा, बास!"

धाड! ओंडका बासच्या बरगडीवर आदळला. घोडा हादरला. एक पाऊल खाली सरकला. त्या धक्क्यानं शिंगरू पाण्याखाली गेलं. दोरीला हिसका बसला, तळहाताची साल निघाली. तिनं दोरी सोडली नाही. मागे रेलली. ओढली. काही नाही. पुन्हा ओढली.

डोकं वर आलं! नाक, कान, फुरफुरणारं तोंड!

बासनं पुन्हा खूर रोवले. ओंडका त्याच्या छातीवरून घासत वाहून गेला.

"ताई, दोरी! दोरी फेका!" घोडी झाडाला बांधून जयेश कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता. तिनं टोक फेकलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा त्यानं झेललं. दोघांनी मिळून ओढलं आणि शिंगराचे पाय दगडांना लागले.

काठावर आल्यावर जयेश रडायला लागला आणि रडताना हसायला लागला.

सुनेत्राचा ओढणीसारखा मफलर होता, त्यात त्रूसचा हात बांधला. त्यांना बासवर बसवलं आणि बाकीच्या घोड्यांच्या दोऱ्या धरून दोघं पायी, चिखलातून, उघड्या वाटेनं वर निघाले. मळा दिसायला दीड तास लागला.

अँब्युलन्स आली तेव्हा पाऊस थांबला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक. स्ट्रेचरवरून त्रूसनी सुनेत्राला जवळ बोलावलं.

"माझी मुलगी उद्या दुपारपर्यंत पोचेल. तोवर अकरा घोडे आहेत."

"तोवर मी आहे," सुनेत्रा म्हणाली.

"तू पाहुणी आहेस."

"मला फक्त सांगा, कुणाला किती खायला द्यायचं."

त्रूस एकेका घोड्याचं नाव घेऊन सांगू लागल्या, आणि जयेश ते आपल्या हातावर पेननं लिहीत राहिला.

तबेल्यात त्यांनी कोरड्या गवतानं शिंगराचं अंग चोळलं, त्याचं कापणं थांबेपर्यंत. आई त्याला चाटत होती. बऱ्याच वेळानं ते धडपडत उठलं, दोनदा चुकीच्या बाजूला गेलं आणि अखेर त्याला दूध सापडलं. चुळुक चुळुक आवाज येऊ लागला.

सुनेत्रा मग बासकडे गेली. त्याच्या बरगडीवर सूज होती, कातडी खरचटली होती. तिनं गार पाण्याचा पाइप धरला आणि सोललेल्या तळहातानं त्याची मान थोपटत राहिली. घोड्यानं आपलं जडशीळ डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. ती हलली नाही.