कुंभारीचे कुलूपबंद फोटो

सात रस्ता चौकातल्या ऑफिसचा जिना चढून बजाबाई वर आली, तेव्हा तिच्यात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. अभिमन्यूनं खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून तो समरा मुल्लाच्या या छोट्याशा तपास-कचेरीत बसायचा. इथं येणारा माणूस किती दमलाय, हे त्याला पायऱ्यांवरच्या आवाजावरूनच कळायचं.

"आमचं फोटू गेलं," बजाबाई म्हणाली. "समदं. आन् उद्या सुनावणी हाय."

कुंभारीच्या कामगार वस्तीशेजारी कापड रंगवायचा एक कारखाना होता. त्याचं पाणी वस्तीच्या बोअरमध्ये उतरलं आणि बायकांचे हात फाटायला लागले. वस्तीतले डॉक्टर सिद्धप्पा बिराजदार वर्षानुवर्षं त्या हातांचे फोटो काढून दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर ठेवत आले होते. वस्तीनं कारखान्यावर लावलेल्या दाव्यात पुरावा म्हणाल तर तेवढाच. आज सकाळी कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर लाल अक्षरं आणि एकही फोटो उघडेना.

"डॉक्टर म्हणत्यात, दवाखान्यातल्या तौसिफनं काय तरी उघडलं, त्यातनं व्हायरस आला. कामावरनं काढत्यात त्याला. लेकराबाळांचा माणूस हाय त्यो."

समरानं डोळे चोळले. "बाई, खरंच तसला व्हायरस असेल, तर गेलेलं बहुतेकदा परत येत नाही. खोटी आशा दाखवत नाही मी."

"दावू नका. पर बघा तरी की."

दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे तांबारलेले. "उगीच त्रास घेतलात," ते म्हणाले. "गेलं ते गेलं."

समरा कॉम्प्युटरसमोर बसली. "काका, काय लिहिलंय ते वाचा बरं मोठ्यानं."

अभिमन्यूनं चष्मा लावला. "तुमच्या फाइली कुलूपबंद आहेत. सोडवायच्या असतील तर पैसे भरा."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

मग तिनं फोटोंची यादी उघडली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'लॉक' असं शेपूट चिकटलं होतं. "शेवटचा बदल कधी झाला, त्या तारखा बघा."

"या गेल्या दिवाळीतल्या. या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातल्या." फोटो तेव्हाचे, तर तारखाही तेव्हाच्याच असणार; यात बघण्यासारखं काय आहे, ते अभिमन्यूला उमजलं नाही.

तौसिफ दारातच उभा होता. कॉम्प्युटरचं सगळं काम तोच बघायचा. "माझीच चूक आहे, मॅडम. काल एक मेल आला. औषधाचं बिल वाटलं, म्हणून उघडला."

"दुसरी प्रत ठेवत नाही का?"

"ठेवतो की. दर शनिवारी वेगळ्या डिस्कवर. या शनिवारीही केली, फोटो उघडून बघितले, चांगले होते. मग डिस्क काढून कपाटात ठेवली. कॉम्प्युटरला ती कधीच जोडून ठेवत नाही. आज सकाळपासूनही आम्ही ती बाहेर काढलेली नाही."

"कपाटाची चावी?"

"माझ्याकडे असते," डॉक्टर म्हणाले. "एकच आहे. पण डिस्कचाही उपयोग नाही. तिच्यावरचंही सगळं गेलंय."

तेवढ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रभु आला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "माझ्यावर संशय घेऊ नका, ताई. सकाळी बोलावलं म्हणून आलतो, मशीन बघितलं आन् गेलो. त्याच्या आधी एकदाच आलतो. डॉक्टरांना पेशंटच्या नावानं फोटो लावायचे हुते. सगळ्यांची नावं एका झटक्यात कशी बदलायची, ते दावलं."

समरानं कपाट उघडायला लावलं. पिशवीतून स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. त्याला इंटरनेट नव्हतं आणि त्यात जपण्यासारखंही काही नव्हतं. डिस्क जोडली. तिच्यावरच्याही प्रत्येक फोटोला तेच शेपूट होतं.

"बघा," डॉक्टर हळूच म्हणाले.

समरानं डिस्कवरच्या तारखाही बघितल्या. मग म्हणाली, "तौसिफभाई, बसा. तुम्ही काही केलेलं नाही."

तौसिफ दारातून आत आला, पण बसला नाही. समरानं पडद्याकडे बोट केलं.

"पैशासाठी फाइली अडवणारा माणूस पैसे कुठं पाठवायचे ते आधी सांगतो. इथं पत्ताच नाही. दुसरी गोष्ट, असला व्हायरस फाइल आतून पार बदलून टाकतो, त्यामुळं तिची तारीखही सहसा बदलते. नुसतं नाव बदललं, तर तारीख जुनीच राहते. इथं एकही तारीख हललेली नाही."

तिनं एका फोटोच्या नावाचं शेपूट पुसलं आणि तो उघडला. पडद्यावर भेगाळलेले दोन हात आले. बजाबाईच्या तोंडातून हुंदका फुटला.

"हे कुलूप नाहीच. नुसती पाटी लावलीय. आणि काका, डिस्कचं बघा. शनिवारी फोटो चांगले होते. मेल काल आला. मधे डिस्क कपाटात होती, कशालाच जोडलेली नव्हती. व्हायरस बंद कपाटात शिरत नाही. शिरतो तो चावीवाला माणूस."

अभिमन्यूची नजर आपोआप डॉक्टरांकडे वळली.

"नावं एका झटक्यात बदलायला प्रभुनं तुम्हालाच शिकवलं होतं," समरा म्हणाली. "आणि मी जोडण्याआधीच डिस्कवर काय आहे, ते तुम्हाला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी नाकारलं नाही. उलट खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते बाकावर सैल झाले.

"मला कुणी काही दिलं नाही हो," ते म्हणाले. "मागच्या सुनावणीत कारखान्याच्या वकिलानं दिवसभर उभं केलं. पदवी खरी का, हात याच पाण्यानं फाटले कशावरून. मग पुढची तारीख. मग त्याच्या पुढची. पुरावाच गेला तर मला कोण बोलावणार, असं वाटलं. फोटो पुसूनच टाकणार होतो. धीर झाला नाही. ज्यांचे फोटो, त्यांचे चेहरे आठवत राहिले."

"आणि मला चोर केलंत," तौसिफ म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि शीण जास्त होता. डॉक्टरांनी हात जोडले. तौसिफनं मान फिरवली आणि कॉम्प्युटरसमोर बसून तो एकेक फोटो मोकळा करू लागला.

बजाबाईनं डोळे पुसले. "दमला हुता तर सांगायचं हुतं की, डॉक्टर. आमी काय ताजंतवानं हाय व्हय? उद्या तुमी घरीच ऱ्हावा. आमचं हात आमी दावू."

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू तिला सुनावणीला घेऊन गेला. दालनाबाहेरच्या बाकावर डॉक्टर आधीच येऊन बसले होते, आणि बसल्या जागी त्यांना झोप लागली होती. बजाबाई त्यांच्याशेजारी बसली. अभिमन्यू त्यांना हाक मारायला निघाला, तर तिनं बोट ओठांवर ठेवलं.

पुकारा झाला, तेव्हाच तिनं त्यांना उठवलं.